बसल्या बसल्या चार किलोमीटर

मी एक ट्रेडमिल. आजवर मी दोन हजारांवर किलोमीटर चाललेय आणि या गॅलरीच्या बाहेर वीतभरसुद्धा गेलेली नाही. त्याचा मला कमीपणा वाटत नाही, माझा जन्मच त्यासाठी. पण या दोन हजारांतले खरे किलोमीटर किती, असं कुणी विचारलं की मला कुठे तोंड लपवू असं होतं.

जन्माची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. एका मोठ्या कारखान्यात मला जोडलं. खाली मोटर, तिच्यामागे लाकडी फळी, फळीवरून गोल फिरणारा काळा पट्टा, दोन्ही बाजूंना धरायला दांडे आणि समोर आकडे दाखवणारा पडदा. तपासणीला एक जाडजूड गृहस्थ होते. प्रत्येक नव्या यंत्रावर दोन मिनिटं चालायचं आणि उतरताना हिरवी चिठ्ठी चिकटवायची, एवढंच त्यांचं काम. दिवसभर असे चालून ते संध्याकाळी बससाठी मात्र धावत सुटायचे आणि ती रोज चुकायची.

दुकानात मी दारातच उभी होते. तिथे मी माणसं पाहून घेतली. पुरुष माझ्यावर चढायचे, वेग एकदम वाढवायचे, बायकोकडे बघून हसायचे आणि मग लाल बटण शोधत बसायचे. बायका आधी विचारायच्या, ‘‘हिला पुसायचं कशानं?’’ तो प्रश्न मला जास्त समंजस वाटायचा.

मला घरी आणलं ते एका डॉक्टरांमुळे. माझ्या मालकांना तेव्हा पन्नाशी उलटून दोन वर्षं झालेली, वजन अठ्ठ्याऐंशी किलो, रक्तात साखर भरपूर. डॉक्टर म्हणाले, ‘‘रोज चार किलोमीटर चाला. गोळ्या वाढवायच्या की नाही ते तुमच्या पायांनी ठरवू दे.’’ मालक त्याच संध्याकाळी मला घेऊन आले. सोबत बूट, मोजे, कपाळाला बांधायची पट्टी आणि पाण्याची बाटली. एवढी तयारी लोक डोंगर चढायला जातानाही करत नाहीत.

मालकीणबाई शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी फ्रिजवर एक तक्ता लावला. तारीख, किलोमीटर, सही. ‘‘निरीक्षण लिहून ठेवलं नाही तर प्रयोगाला अर्थ नाही,’’ असं त्या म्हणाल्या. मालकांनी पहिल्या दिवशी सही केली तेव्हा त्यांची छाती अशी फुगली होती की मला वाटलं, हा माणूस मला झिजवून टाकणार.

नऊ दिवस. मी मोजले आहेत, मोजणं हा माझा धंदाच आहे. नऊ दिवस मालक इमानदारीने चालले. दहाव्या दिवशी ते गॅलरीत आले, काचेचं दार सरकवलं, दारावरचा पडदा ओढला. ‘‘घामाघूम असताना कुणी बघितलेलं मला आवडत नाही,’’ असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. मग त्यांनी मला सुरू केलं, वेग साडेपाचवर नेला आणि शेजारच्या वेताच्या खुर्चीत बसून पेपर उघडला.

मी चालतच राहिले, एकटी. पाऊण तासाने माझ्या पडद्यावर चार आला. मालकांनी पेपराची घडी घातली, कुंड्यांवर मारायचा पाण्याचा फवारा उचलून स्वतःच्या कपाळावर दोनदा मारला आणि धापा टाकत बाहेर गेले. स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला. तिथून ऐकू यायची ती फक्त मोटरची घरघर. तक्त्यावर चार लिहिलं गेलं, सही झाली.

मग हे रोजचंच झालं. मालक माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. खोटं बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे. ते लाल कान बघून मालकीणबाई म्हणायच्या, ‘‘बघा, रक्ताभिसरण किती सुधारलंय!’’ साखरेचा रिपोर्ट मात्र दर तीन महिन्यांनी वर वर जायचा. बाईंनी तक्ता बघितला, रिपोर्ट बघितला आणि त्या निष्कर्षाला आल्या की प्रयोगशाळा चुकतेय. त्यांनी ती बदलली. मग दुसरी बदलली. नवऱ्यावर शंका घ्यायचं त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. याला प्रेम म्हणायचं की विज्ञान, मला माहीत नाही.

अशातच आत्या आल्या.

आत्या म्हणजे मालकांच्या वडिलांची बहीण. वय चौऱ्याहत्तर. बेचाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसून त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. मालकांचेही त्यांनीच शिवले होते, वाढत्या अंगाचे, दोन बोटं जास्त कापड आत दुमडून. आत्या एकट्या राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. एक दिवस न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला आणि चार तास त्या फरशीवर पडून राहिल्या. शेवटी मालकांनीच दार तोडून त्यांना बाहेर काढलं. शस्त्रक्रिया झाली आणि त्या ‘‘दीड महिन्यासाठी’’ या घरी आल्या. त्या दीड महिन्याला आता सहा महिने झाले होते.

त्यांची खोली माझ्या गॅलरीला लागून. एक खिडकी तर गॅलरीतच उघडते. सुरुवातीला त्या नुसत्या पडून असायच्या, मग काठी घेऊन खोलीत फिरू लागल्या. मालक त्यांना फार जपायचे. इतकं जपायचे की आत्या पाणी प्यायला उठल्या तरी घरातून आवाज यायचा, ‘‘आत्या, तू उठू नकोस! मी देतो!’’

एके दिवशी जेवणाच्या टेबलावर मालकांनी विषय काढला. टेबल गॅलरीच्या काचेला लागूनच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

‘‘आत्या, तुझं घर बंद पडून राहिलंय. वाळवी लागेल. एक जोडपं भाड्याने मागतंय, चांगली माणसं आहेत. शिवणयंत्र कुणा गरजूला देऊन टाकू.’’

‘‘आणि मी?’’

‘‘तू इथेच. आमच्याजवळ.’’

‘‘छोट्या, मला माझ्या घरी जायचंय.’’

अठ्ठ्याऐंशी किलोच्या माणसाला छोट्या म्हणणारी ती जगात एकटीच. मालक हसले. विषय संपवावा म्हणून म्हणाले, ‘‘बरं. ज्या दिवशी तू तुझे तीन मजले आपल्या पायांनी चढून दाखवशील, त्या दिवशी मी स्वतः तुझी बॅग उचलून वर आणीन.’’

‘‘शब्द?’’

‘‘शब्द.’’

‘‘मग त्या जोडप्याला थांबायला सांग.’’

मालकांना वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी मालक कामावर गेले, बारा वाजता मालकीणबाई शाळेत गेल्या, आणि सव्वाबाराला काचेचं दार सरकलं.

आत्यांनी मला आधी नीट बघून घेतलं. डाव्या दांड्याला हात लावून हलवून पाहिलं. माझ्या पट्ट्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. मग माझ्या सुरक्षेची दोरी, जिचा चिमटा अंगावर लावायचा असतो आणि जी मालकांनी वेताच्या खुर्चीला अडकवून ठेवली होती, ती काढून गाऊनच्या खिशाला लावली. काठी भिंतीला टेकवली आणि चढल्या.

वेग एक. माझ्यात त्याहून हळू चालायची सोयच नाही. उजवा पाय जरासा ओढत, डाव्या हाताने दांडा घट्ट धरून त्या चालल्या. पहिल्या दिवशी तीस पावलं, मग लाल बटण. उतरून त्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्यावर कुणीतरी चाललं.

तेव्हापासून आठ महिने, आठवड्यातले पाच दिवस. तिसाची शंभर पावलं झाली, शंभराची पाचशे. मग त्यांनी माझं चढाचं बटण शोधून काढलं, ज्याला मालकांचा हात एकदाही लागला नव्हता. मी पुढून उचलली जायचे आणि त्या मोजायच्या. त्यांच्या घराला मजल्यामागे अठरा पायऱ्या, तीन मजल्यांच्या चोपन्न. चोपन्नाला थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘पोचले. आता किल्ली शोधा.’’ मग पुन्हा खालून सुरुवात.

घरात दुसरं कुणी नसल्यामुळे त्या माझ्याशी बोलायच्या. एकदा म्हणाल्या, ‘‘सकाळी तुला छोट्या रिकामीच फिरवतो, नाही का?’’

मी दचकले. दचकले म्हणजे आपली चालतच राहिले.

‘‘मला भिंतीतून कळतं. शिवणयंत्राखाली कापड नसलं की त्याचा आवाज टरटर वर चढतो. कापड घातलं की खाली बसतो. तुझा सकाळचा आवाज सगळा वरचा असतो. लहानपणी गृहपाठही असाच करायचा मेला. पान उलटल्याचा आवाज तेवढा काढायचा.’’

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

पुढे मी कुरकुरायला लागले. वय झालं की होतं तसं. मालकांच्या कानावर ते गेलं नाही, कारण पेपरात क्रिकेट होतं. आत्यांच्या कानावर मात्र लगेच गेलं. त्यांच्या शिवणाच्या डब्यात लांब चोचीची तेलाची छोटी बाटली होती. बेचाळीस वर्षं त्यांनी आपल्या यंत्राला दर शनिवारी तेल दिलं होतं, आणि ते यंत्र अजून ठणठणीत होतं. कुरकुरणारं यंत्र म्हणजे तहानलेलं यंत्र, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शनिवारी दुपारी शाळेची सभा असायची आणि मालक झोपलेले असायचे. तेवढ्यात त्या आल्या, माझा पट्टा बोटाने जरासा उचलला आणि खाली तेल सोडलं. चारही बाजूंनी, हात राखून नव्हे तर मायेने. वर फडक्याने पुसूनही घेतलं.

एवढ्या प्रेमाने मला आजवर कुणी हात लावला नव्हता. म्हणून ओरडायचं सोडून मी गप्प बसले. माझ्या पोटात ते तेल चालत नाही. आम्हाला वेगळं वंगण लागतं, शिवणयंत्राच्या तेलाने पट्टा फुगतो आणि फळीला चिकटायला लागतो. पण पहिले काही शनिवार कुरकुर खरंच थांबली. आत्या म्हणाल्या, ‘‘बघ! किती दिवस उपाशी ठेवलं होतं तुला.’’

आणि मग महिनाअखेरीला पंधरा दिवस उरले असताना मी बंद पडले. आठ महिने थांबलेल्या त्या जोडप्याला मालकांनी आता महिनाअखेरीचा वायदा दिला होता, आत्यांनी मालकांकडून तेवढीच मुदत मागून घेतली होती. त्या दुपारी आत्या चढल्या, बटण दाबलं, माझा पट्टा दोन हात सरकला, जळका वास आला आणि पडद्यावर लाल अक्षर लागलं. त्यांनी दांडा धरला होता म्हणून बरं. उतरल्या, खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. ‘‘असं नको ना करूस,’’ एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी मालकांनी बटण दाबलं. मी गुरगुरले आणि गप्प झाले. त्यांनी पडदा ओढून पुन्हा पुन्हा बटण दाबलं, खाली वाकून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. दीड वर्ष यंत्र रिकामं फिरवलं म्हणून मोटर जळाली, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. तरी पहिले दोन दिवस ते खुशीत होते, सुट्टी लागल्यासारखे. तिसऱ्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘कारागीर बोलावते. उघडून बघेल तो.’’

‘उघडून’ हा शब्द ऐकून मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या संध्याकाळी टेबलावर सभा भरली. बाईंनी कागदाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला नवी.

‘‘नवीच घेऊ,’’ मालक घाईने म्हणाले. ‘‘हिचं तंत्रज्ञान जुनं झालं.’’

‘‘दीड वर्षात?’’

‘‘आजकाल दीड वर्ष म्हणजे खूप. आता नव्या येतात त्या पातळ असतात. पलंगाखाली सरकवता येतात. दांडे-बिंडे काही नाही.’’

आत्यांचा चमचा थांबला. ‘‘दांडे नाहीत? मग धरायचं काय?’’

‘‘आत्या, चालताना काही धरायचं नसतं.’’

‘‘ज्याला धरावं लागत नाही त्याला बोलायला सोपं आहे,’’ आत्या म्हणाल्या. मग स्वतःला सावरून, ‘‘म्हणजे मी आपलं सांगतेय. चालतं यंत्र मोडीत काढू नये.’’

‘‘पण ते चालत नाही ना आता, आत्या,’’ बाई म्हणाल्या.

‘‘म्हणून तर दुरुस्त करायचं. आजच. उद्या परवा नको.’’

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ज्याने रोज वापरलं त्याला ते टाकायचं होतं, आणि जिने कधी हात लावला नाही ती त्याच्यासाठी जिवाचा आटापिटा करत होती. विज्ञानाच्या शिक्षिकेला यात काहीतरी खटकायला हवं होतं, आणि माझ्या मते तेव्हा ते खटकलंच. कारण त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, ‘‘रविवारी कारागीर येईल. तो बघेल, मग ठरवू. आणि घरात सगळ्यांनी थांबायचं.’’

कारागीर आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मालक त्याच्याभोवती घुटमळत होते. ‘‘उघडायची काही गरज नाही हो. जुनी आहे. तुम्ही फक्त सांगा की नवी घ्या.’’ कारागिराने ऐकलं न ऐकलंसं करून स्क्रू काढायला सुरुवात केली. बाई हाताची घडी घालून उभ्या. आत्या वेताच्या खुर्चीत, काठी मांडीवर.

त्याने दोन बटणं एकदम दाबली आणि माझ्या पडद्यावर एकूण आकडा आला. दोन हजार एकशे सोळा.

‘‘हे रोज चार किलोमीटर चालतात,’’ बाई अभिमानाने म्हणाल्या.

कारागिराने मालकांकडे पाहिलं. मग पट्टा सैल केला, उलटा करून खालची बाजू पाहिली, फळीवरून तळहात फिरवला.

‘‘हे?’’ तो म्हणाला. ‘‘नाही हो. दोन हजार किलोमीटर चाललेला पट्टा असा नसतो. खरं चालणं झालंय शे-सव्वाशे किलोमीटर, फार तर दीडशे. आणि तेही हलक्या माणसाचं. फळीवर बघा, पावलं लहान आहेत, उजवा पाय जरासा ओढलाय. डाव्या दांड्याचं रबर बघा, धरून धरून गुळगुळीत झालंय. उजव्याचं कोरं आहे.’’

मालक दांड्याकडे बघत राहिले. बाई आत्यांकडे बघू लागल्या. आत्या गॅलरीबाहेर बघत होत्या, बाहेर बघण्यासारखं काही नसताना.

कारागिराने बोट नाकाशी नेलं. ‘‘आणि मोटरला काही झालेलं नाही. बिघडलंय ते तेलामुळे. शिवणयंत्राचं तेल ओतलंय कुणीतरी. कोण अडाणी माणूस—’’

‘‘अडाणी कुणाला म्हणता?’’ आत्या काठी आपटून उभ्या राहिल्या. ‘‘बेचाळीस वर्षं यंत्र चालवलंय मी. दर शनिवारी तेल. एक दिवस चुकला नाही. तुमच्या कंपनीने चोच घालायला भोक ठेवलं नाही, तो काय माझा दोष?’’

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. पण आत्या माघार घेणाऱ्यांतल्या नाहीत. ‘‘हो. मीच चालते. आठ महिने झाले. रोज दुपारी.’’

‘‘आत्या!’’ मालक ओरडलेच. ‘‘घरात कुणी नसताना? पडली असतीस तर?’’

‘‘पडले नाही.’’

‘‘चार तास तू फरशीवर होतीस! दार तोडलं तेव्हा मला वाटलं, तू—’’ एवढा मोठा माणूस, दाराची चौकट धरून उभा राहिला. ‘‘मी अजून रोज घरी आलो की आधी तुझ्या खोलीत डोकावतो. माहितीय तुला?’’

‘‘माहितीय,’’ आत्या हळूच म्हणाल्या. ‘‘म्हणून तर सांगितलं नाही. तू चालूच दिलं नसतंस.’’

बाईंच्या डोक्यात मात्र गणित चालू होतं. ‘‘एक मिनिट. दीडशे किलोमीटर आत्यांचे. मग उरलेले दोन हजार? अहो, तुम्ही रोज सकाळी पाऊण तास इथे काय करत होता?’’

मालकांचे कान लाल झाले. तेवढ्यात आत्या म्हणाल्या, ‘‘तो यंत्र गरम करून ठेवायचा. माझ्यासाठी. गार यंत्रावर म्हाताऱ्या माणसाने चढू नये.’’

सकाळी सातला गरम केलेलं यंत्र दुपारी सव्वाबारापर्यंत गरम राहत नाही, हे सातवीतल्या मुलालाही कळतं. बाई सातवीला शिकवतात. पण ते खोटं इतकं शांतपणे सांगितलं होतं की त्यांनी ते लगेच खोडून काढलं नाही. आत्या इतके दिवस का बोलल्या नव्हत्या, ते मला त्या वेळी कळलं. पोराचा सदरा उसवला तर लोकांसमोर दाखवायचा नसतो, आतून टाका घालायचा असतो.

मालकांनी आत्यांकडे पाहिलं. सुटकेची वाट उघडी होती, आणि सवयही होती. पण त्यांनी मान हलवली. ‘‘नाही. मी बसायचो. त्या खुर्चीत. पेपर वाचायचो आणि कपाळावर पाणी मारायचो. पहिले नऊ दिवस सोडले तर मी हिच्यावर पाय ठेवलेला नाही.’’

‘‘मी दोन प्रयोगशाळा बदलल्या,’’ बाई म्हणाल्या. ‘‘रक्त घेणाऱ्या त्या बाईशी भांडून आले. ती बिचारी रडली.’’

‘‘मला माहितीय.’’

बाई वेताच्या खुर्चीत जाऊन बसल्या. डोळे पुसले. मग म्हणाल्या, ‘‘खुर्ची मात्र आरामशीर आहे.’’ त्या हसत होत्या की नाही हे मला अजून नक्की सांगता येणार नाही.

कारागिराने घसा खाकरला. ‘‘पट्टा आणि फळी बदलावी लागेल. माल यायला पंधरा दिवस. की नवी घेताय? ठरवा. पण आधी हे ठरवा, की चालणार कोण आहे.’’

‘‘पंधरा दिवस?’’ मालक म्हणाले. ‘‘महिना तर पाच दिवसांत संपतो. आत्या, मी त्या जोडप्याला सांगून बघतो, आणखी—’’

‘‘कशाला?’’ आत्या म्हणाल्या. ‘‘हिची आता मला गरज नाही. छोट्या, शब्दाचं काय?’’

ते त्याच दुपारी गेले. तिघंही. बॅग मालकांच्या हातात, शिवणाचा डबा आत्यांच्या. निघताना आत्या गॅलरीत आल्या. माझं पोट उघडं, पट्टा लोंबकळतोय, फळी बाहेर. त्यांनी डाव्या दांड्यावर हात ठेवला. ‘‘तेलाचं मनावर घेऊ नकोस,’’ म्हणाल्या.

मी मागे राहिले. इतके किलोमीटर चालले, पण त्या चोपन्न पायऱ्यांवर सोबत जायची माझी ऐपत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला एका जागी उभं राहण्याचं वाईट वाटलं. ती दुपार मी मोजत काढली. एक ते चोपन्न, पुन्हा एक ते चोपन्न.

संध्याकाळी कुलूप उघडल्याचा आवाज आला. पावलं ऐकली. दोघांचीच.

मालक गॅलरीत आले, माझ्याच कडेवर बसून बूट काढू लागले. सदरा खरोखरच्या घामाने भिजला होता. बाई दारात उभ्या राहून हसत होत्या, आता मात्र नक्की हसत होत्या.

‘‘दुसऱ्या मजल्यावर तुम्ही बसलात तेव्हा मला वाटलं, तुम्हालाच खाली न्यावं लागतंय.’’

‘‘हसू नकोस. मी कठडा धरून बसलोय, आणि ती वरून वाकून विचारते, ‘छोट्या, बॅग जड आहे का रे? मी येऊ खाली?’’’ त्यांनी दुसरा बूट काढला. ‘‘वर पोचलो तर दार उघडून आत यंत्रावरचं कापड झटकत होती. मला पाणी दिलं. म्हणाली, तू उठू नकोस, मी देते.’’

मग ते रडले. बाई शेजारी येऊन बसल्या. मला दोघांचं वजन पेलायची सवय नाही, पण मी हूं की चूं केलं नाही.

पंधरा दिवसांनी कारागीर आला. नवा पट्टा, नवी फळी, योग्य ते वंगण. डाव्या दांड्याचं झिजलेलं रबर बदलायला तो निघाला तेव्हा मालक म्हणाले, ‘‘ते राहू द्या.’’ वेताची खुर्ची अजून गॅलरीतच आहे. फक्त सकाळी तिच्यात मालकीणबाई बसतात, वह्या तपासत. पडदा उघडा असतो.

आता माझ्यावर अठ्ठ्याऐंशी किलो रोज पडतात. बरोबर सांगायचं तर चौऱ्याऐंशी. माझे सांधे दुखतात, मी दमते, आणि रात्री निवांत झोप लागते. दुपारी सव्वाबाराला मात्र अजून मला काचेच्या दाराकडे बघायची सवय आहे. मला त्यांची आठवण येते. हलकी पावलं, जरासा ओढलेला उजवा पाय, ‘‘आता किल्ली शोधा.’’

तुमच्याही घरात कोपऱ्यात माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर टॉवेल वाळत घाला, ती रागावणार नाही. पण ती मोडली आणि दुरुस्ती की नवी असा कागद पुढे आला, तर एवढंच करा. दुपारी घरात कोण असतं, त्याला आधी विचारा.

आत्या अजून फोन करतात. रोज सकाळी सव्वासातला. खुशाली नंतर, आधी हुकूम. ‘‘छोट्या, फोन यंत्राजवळ धर.’’ मालक एका हाताने दांडा धरून, धापा टाकत फोन खाली धरतात. पलीकडे त्या कान लावून ऐकतात. ‘‘हं. कापड आहे खाली,’’ म्हणतात आणि मग तब्येत विचारतात.

परवा मालकांना फार कंटाळा आला होता. बाई लवकर शाळेत गेल्या होत्या. फोन वाजला तेव्हा मालक खुर्चीत होते. त्यांनी एका हाताने फोन माझ्यापाशी धरला, दुसऱ्या हातात चपला घेतल्या आणि वाकून त्या फिरत्या पट्ट्यावर तालात आपटायला लागले. टप, टप, टप, टप. मला वाटलं, जमलं हे याला.

पलीकडे त्या कान लावून ऐकत होत्या. मग आवाज आला, ‘‘छोट्या, चपला पायात घाल.’’

त्यांनी घातल्या, आणि चढले.